शब्द पुरवणारा

पाय त्याने आपणहून पुढे केला होता, हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. बसच्या रांगेत त्याच्यापुढे उभा असलेला एक जाडसर माणूस मागे वळून म्हणाला होता, की काका, नाडी सुटलीय, पाय अडकून पडाल. त्याने खाली पाहिलं. उजव्या बुटाची नाडी खरंच फुटपाथवर लोळत होती. आता वाकायला हवं, असं त्याला वाटलं, आणि तेवढं वाटून झाल्यावर तो तसाच उभा राहिला. वाकण्याचं काम वाटण्यातच उरकलं होतं. त्या माणसाने जरा वाट पाहिली, हातातली पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून बसला आणि नाडी बांधून टाकली, चांगली दुहेरी गाठ मारून. इथवर ठीक होतं, जगात भली माणसं असतात. पण तो माणूस उठायला लागला तेव्हा याने डावा पाय पुढे केला. डावी नाडी सुटलेली नव्हतीच. माणसाने वर पाहिलं, हसला नाही, चिडलाही नाही, गाठ जराशी आवळल्यासारखं केलं आणि उठून पुन्हा पाठमोरा झाला. बस आली, सगळे चढले, याला खिडकीजवळ जागासुद्धा मिळाली, पण डाव्या पायाने जे केलं ते काही केल्या डोक्यातून जाईना. साठीला टेकलेला माणूस, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला बॅग, शब्दकोशाच्या कचेरीत संपादक, चारचौघांत 'सर' म्हणवून घेणारा. आणि डावा पाय पुढे.

ताईची सवय होती ती. उजवा झाला की ती नुसतं 'हं' म्हणायची आणि डावा पुढे जायचा. आई गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती, तो सहा वर्षांचा, धाकटा तर दुपट्यातून नुकता बाहेर आलेला. वडील होते, म्हणजे घरात एक खुर्ची होती आणि तिच्यात ते असायचे. बाकी घर ताईने उचललं. धाकट्याने शाळेच्या पहिल्याच वर्षी तिचा हात झटकून टाकला होता, मला येतं म्हणाला, आणि चुकीच्या गाठी मारत, पडत, रडत एकदाचा शिकला. पुढे तो सगळंच तसं शिकला: सायकल, पोहणं, गाडी, घर घेणं, बायकोशी भांडून पुन्हा गोड होणं. याने कधी हात झटकला नाही. झटकायचं कशाला, असंच त्याला वाटे. मिसरूड फुटलं तरी ताई दाराशी खाली बसून त्याच्या नाड्या बांधायची आणि शेजारच्या बाई हसून म्हणायच्या, अहो, याला लग्नाला उभा कराल तेव्हाही तुम्हीच खाली बसणार का? तो लग्नाला उभाच राहिला नाही, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला. ताईचंही लग्न झालं नाही, पण तिच्या बाबतीत प्रश्न सुटला असं कोणी म्हटलं नाही. तो प्रश्न कोणी काढलाच नव्हता.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात फिनेलचा वास, वर लांबट खोली, खिडकीपाशी त्याचं टेबल आणि समोरासमोर लावलेलं एक दुसरं टेबल, त्याच्यामागे बसणाऱ्या बाई. इंग्रजीतून आपल्या भाषेत अर्थ देणाऱ्या मोठ्या कोशाचं काम इथे इतकी वर्षं चाललं होतं, की सुरू करणारे सगळे कोशाआधी संपले होते. त्या दिवशी त्याच्या टेबलावर शब्द आला होता तो हेल्पलेस. यात नशिबाचा खेळ वगैरे काही नव्हता. कोश एच या अक्षरात कधीचा रुतून बसला होता, कालचा दिवस हेल्प खाऊन गेला होता, तेव्हा आज हेल्पलेस येणारच होता. जुन्या आवृत्तीने त्याच्यापुढे असहाय, निराधार, लाचार असे तीन शब्द उभे करून हात झटकले होते. त्याला ते पटत नव्हतं. लाचार माणसाची मान खाली असते, त्याला आपल्या लाचारीची लाज असते. तान्ह्या मुलाला कसली लाज? लाचार फारसीकडून आलेला, ज्याला चारा नाही असा. दुसरा चारा नाही म्हणतो तेव्हा आपण तोच शब्द सोडवून बोलत असतो. असहाय म्हणजे ज्याच्याबरोबर चालणारं कोणी नाही. एकाला उपाय नाही, दुसऱ्याला सोबत नाही, आणि निराधाराला टेकायला भिंत नाही. तीन वेगळी दुःखं, आणि कोशाने तिघांना एका खाटेवर निजवलेलं. इंग्रजी शब्दाच्या शेपटाबद्दलही नेहमीचा गैरसमज होता. मुलांना वाटतं तो कमी या अर्थाचा शब्द, म्हणजे मदत कमी पडलेला. तसं नाही. ते शेपूट एका वेगळ्याच जुन्या शब्दाचं, अर्थ सुटा, विरहित, मोकळा. म्हणजे मुळाशी जाऊन बघितलं तर मदतीपासून मोकळा झालेला माणूस. हे त्याने लिहिलं आणि लगेच खोडलं. उगम सांगताना इतकी चैन करायची नसते.

कचेरीत एक जुनी रीत होती, तिला सगळे झाकणी म्हणत. अर्थ लिहून झाला की शब्दावर तळहात ठेवायचा आणि समोरच्याला नुसता अर्थ वाचून दाखवायचा. समोरच्याने शब्द ओळखला तर अर्थ पक्का, नाहीतर पुन्हा लिहा. त्याने शब्द झाकला आणि वाचलं, "ज्याला स्वतःचं स्वतः काहीही करता येत नाही असा." समोरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "नवरा." शिपाईसुद्धा हसला. तोही हसला, आणि हसताना डाव्या पायाची बोटं बुटात आखडली. समोरच्या बाईंचं हे नेहमीचंच होतं, पण झाकणीत त्याच्याइतका पटाईत कचेरीत कोणी नव्हता हे त्याही मान्य करायच्या. कोणी अर्धं वाक्य वाचेपर्यंत याच्या तोंडून शब्द निघालेला असायचा. पूर्वीचे मुख्य संपादक म्हणायचे, याच्यासमोर माणसाला वाक्य पुरं करायची सोय नाही. ते कौतुक होतं की तक्रार, हे त्याने कधी तपासलं नव्हतं.

दुपार व्हायच्या आत धाकट्याचा फोन आला. धाकटा फोनवर नेहमी गाडी चालवत असल्यासारखा बोलतो. आज तीन वाजता इस्पितळात यायचं, उशीर करायचा नाही, ताईला तो आणि मावशी परस्पर घेऊन येणार. ही मावशी म्हणजे ताईला उठवायला-बसवायला ठेवलेली बाई. मग धाकट्याने गाडी थांबवल्यासारखा आवाज खाली आणला. "दादा, त्या केंद्रातल्या लोकांनी ताईची जागा आजपर्यंतच राखून ठेवलीय. आज थेरपिस्टबाई आपल्या ताईलाच विचारणार आहेत, कुठे राहायचं म्हणून. ताई म्हणेल ते करायचं. तू मध्ये पडायचं नाहीस. ठरलं ना?" तो हो म्हणाला. धाकट्यापुढे त्याचं नेहमी हो असायचं, पुढचं पुढे. तुझीही सोय बघू, मुलीची खोली आता रिकामीच असते, असं धाकटा शेवटी घाईघाईने म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यातला चांगुलपणा इतका खरा होता की याला नाही म्हणायलाही जागा राहिली नाही. म्हणजे ताईला तिकडे न्यायचं आणि याला इकडे; एकाच ट्रकमधली कपाटं निरनिराळ्या पत्त्यांवर उतरवावीत तसं.

त्याने पुन्हा शब्दाकडे लक्ष घातलं. जुन्या लिखाणात कुठे कुठे हा शब्द उलट्या अंगानेही येतो: ज्याला मदत मिळत नाही असा नव्हे, तर ज्याची दुसऱ्याला मदत होत नाही असा. तो वापर केव्हाच मेला. मेलेल्या वापरापुढे कोशात फुली मारतात. त्याने फुली मारली आणि तिच्याकडे बघत बसला.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानावर यंत्र, पुढ्यात भोकाभोकांचा फळा, आणि दिवसभर लोकांना लोकांशी जोडून देणं. घरीसुद्धा ती तशीच बोलायची, तुटक, स्वच्छ, एकही शब्द वाया न घालवता. वडील गेल्यावर, हा तिशीचा झाला होता तेव्हा, तिला बढती आली होती, दुसऱ्या शहरात, मोठ्या एक्स्चेंजची सगळी जबाबदारी. तिने बॅगसुद्धा खाली काढली होती. निळी, पितळी कुलपाची. त्या रात्री जेवताना त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, की गॅस कसा पेटवतात. दुसऱ्या दिवशी बॅग पुन्हा माळ्यावर गेली. बाबूचं कोण करणार, असं ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती. बाबू म्हणजे हा, तिशीतला. तिच्या आवाजात रडू नव्हतं. त्याला तेव्हा भरून आलं होतं, आपल्यावर कोणी इतकी माया करतं म्हणून. गॅस कसा पेटवतात हे त्याला माहीत होतं, ही गोष्ट त्याने स्वतःलाही कधी नीट सांगितली नाही. आपला प्रश्न खरा होता, असंच तो धरून चालला होता.

आणि मग या वर्षी एका सकाळी ताई कपात दूध ओतत होती ते कपाच्या बाहेर ओतत राहिली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि शब्द गेले. सगळे नाहीत. समजायचं सगळं, हसू यायचं, रागही यायचा, पण वस्तूंची नावं हाताशी येईनात. ती म्हणायची, "ते... ते... डोक्याखाली..." आणि तो म्हणायचा, "उशी." ती म्हणायची, "थंड... ते... वरचं..." आणि तो म्हणायचा, "पंखा, बंद करू?" मावशी तोंडात बोट घालायची. धाकटा यायचा, ताईसमोर बसून तिचं अर्धं वाक्य ऐकायचा आणि हताश होऊन याच्याकडे वळायचा, काय म्हणतेय रे? आणि हा सांगायचा. जन्मात पहिल्यांदा घरातल्या माणसांनी त्याच्याकडे वळून काही विचारलं होतं. ताई अर्थ सांगायची, हा शब्द सांगायचा, आयुष्यभर पोट भरण्यासाठी जे केलं तेच, फक्त आता तळहात शब्दावर नव्हता, तिच्या डोक्यातच कुणीतरी ठेवला होता. तो चहा करायला शिकला होता, औषधाच्या वेळा पाळायला शिकला होता, पण ते सगळं मावशीलाही येत होतं. हे एक फक्त त्याला येत होतं. संध्याकाळी जिना चढताना त्याची पावलं आपोआप भरभर पडायची. कोणी सांगितलं असतं तर त्याला पटलं नसतं, पण त्याच्या आयुष्यातले हे सगळ्यांत सुखाचे महिने होते, आणि ते ताईच्या अर्ध्या मेलेल्या अंगावर उभे होते.

मागच्या आठवड्यात धाकटा ताईला ती जागा दाखवायला घेऊन गेला होता. शहराबाहेर, बैठी इमारत, रोज बोलण्याचा सराव करून घेणारी माणसं, बाकीचेही असेच, कोणाचा हात गेलेला, कोणाचे शब्द. हा गेला नाही, कचेरीत काम होतं म्हणाला. संध्याकाळी घरी आला तेव्हा ताई पलंगावर बसली होती, गाल तापल्यासारखे, आणि तो बूट काढतोय तोवरच तिने सुरुवात केली. "बाबू... तिथे... मला... ते..." तो शेजारी बसला आणि शब्द पुरवू लागला. बाग? तिने मान हलवली, नाही. खोली? नाही. बायका? नाही, आणि हाताने जोरात नाही. थंडी वाजली? दमलीस? भूक लागलीय? मग नुसती नाही, नाही. तिचा चेहरा लाल झाला, ओठ एका अक्षरापाशी मिटायचे आणि उघडायचे. शेवटी त्याने पुन्हा दमलीस का विचारलं तेव्हा तिने डोळे मिटून हो म्हटलं, आणि खरंच तोवर ती दमली होती. रात्रभर तो शब्द त्याच्या जिभेवर होता. पहिल्या वाक्यालाच तो त्याला कळला होता, झाकणीत तो कधी चुकला नव्हता. आवडलं. एवढाच तो शब्द होता, आणि तेवढा एक सोडून त्याने तिला सगळे शब्द देऊन पाहिले होते.

इस्पितळाची खोली लहान, भिंती फिकट हिरव्या, टेबलावर चित्रांचे पुठ्ठे. ताई चाकाच्या खुर्चीत, मावशीने केस चापूनचोपून बसवलेले, धाकटा दाराशी उभा, हातात गाडीची किल्ली फिरवत. थेरपिस्टबाई तरुण होत्या, धाकट्याच्या मुलीएवढ्या, आणि त्यांचा आवाज सगळ्यांशी सारखाच होता, ताईशी लाडीगोडी नाही आणि याच्याशी अदब नाही. त्यांनी पहिला पुठ्ठा उचलला. ताई बघू लागली. तिच्या गळ्यापाशी काहीतरी हललं, आणि तेवढ्यात याच्या तोंडून निघून गेलं, "किल्ली." थेरपिस्टबाईंनी पुठ्ठा खाली ठेवला, दुसरा उचलला. "छत्री," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याने तोंडावर हात ठेवला. धाकटा हसला, मग हसणं गिळून टाकलं. थेरपिस्टबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, घरीही तुम्ही असंच करता का? मावशी कौतुकाने म्हणाली, अहो, ताईंनी नुसता ओठ हलवला तरी दादांना कळतं, तोंडातून शब्द बाहेर पडू देत नाहीत. थेरपिस्टबाईंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. मग त्याला म्हणाल्या, "तुम्ही त्यांना शब्द देत नाही आहात. त्यांच्याकडून घेताय." त्यांनी समजावूनही सांगितलं, रागावून नाही. शब्द आत असतो. त्याच्यापर्यंतची वाट मोडलेली असते. त्या वाटेने माणसाने स्वतः चाचपडत गेलं तर वाट पुन्हा पडते. कोणी रोज उचलून नेलं तर गवत वाढतं. तीन महिन्यांत जेवढं परत यायला हवं होतं तेवढं आलेलं नाही, याचं त्यांना कोडं पडलं होतं, ते आता सुटलं.

तो भिंतीजवळच्या स्टुलावर बसला. हाताची घडी, तोंडावर बोट, शाळेत बसवायचे तसा. तिसरा पुठ्ठा कात्रीचा होता. ताई बघत राहिली. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि बाहेर कुणीतरी ढकलत नेलेल्या गाडीची चाकं किरकिरत होती. कात्री, तो मनात म्हणाला, कात्री, कात्री, आणि शब्द दातांवर आतून धडका देऊ लागला. ताईने त्याच्याकडे पाहिलं, सवयीने. त्याने नजर जमिनीकडे वळवली. फरशीच्या सांध्यात काळी रेघ होती, तिच्यावरून त्याने डोळे पुढे नेले आणि मागे आणले. ताई म्हणाली, "का..." आणि थांबली. "काप..." नाही. तिने डाव्या हाताची दोन बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. याचे तळवे घामाने भिजले. बुडणाऱ्या माणसाकडे काठावरून बघत राहा असं कोणीतरी सांगितलं होतं, आणि वर हेही, की तसं बघत राहणं हीच मदत. आणि मग ताई म्हणाली, "कात्री." स्वच्छ, एक्स्चेंजमधल्या आवाजात. त्याने वर पाहिलं. तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं ते त्याने या तीन महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं, कदाचित त्याच्याही आधी कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्या कात्रीकडे बघत होती, आपली कात्री असल्यासारखी. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला वाटलं, ही माझ्याशिवाय चालायला लागली.

आणखी काही चित्रं झाली. चमच्याला ती आधी वाटी म्हणाली, मग स्वतःच चिडून मान हलवली. घोड्याला वेळ लागला पण घोडा आला. दाराला दार आलं. मग थेरपिस्टबाईंनी पुठ्ठे बाजूला केले, खुर्ची ताईच्या जवळ ओढली आणि म्हणाल्या, "ताई, आता एक महत्त्वाचं. घरी राहायचं, की तिकडे जायचं? तुम्ही सांगायचं. घाई नाही." धाकट्याच्या हातातली किल्ली थांबली. मावशीने पदर तोंडाला लावला. याने पुन्हा फरशीकडे बघायचं ठरवलं, पण बघवेना. त्याच्या डोळ्यांपुढे घरचा जिना आला, जिन्याच्या शेवटी बंद दार, आत दिवा नाही. धाकट्याच्या मुलीची खोली आली, भिंतीवर तिने शाळेत असताना चिकटवलेले तारे, आणि त्या ताऱ्यांखाली पलंगावर हा, सकाळी सगळे आपापल्या कामाला निघेपर्यंत दाराआड थांबलेला, वाटेत यायला नको म्हणून. तिथे कोणी त्याला काही विचारणार नव्हतं. सगळे चांगले वागणार होते. ताईचे ओठ मिटले. ती दोन घरांच्या मधे कुठेतरी चालत होती, काठीशिवाय, आणि तिला थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. "ति..." ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "तिक... तिकडे."

आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच पसरलं, कात्रीच्या वेळचं.

धाकट्याने मोठा श्वास सोडला. तो खिशातून फोन काढत होता तेवढ्यात थेरपिस्टबाईंनी हात वर केला. एवढी मोठी गोष्ट आहे, खात्री करून घेऊ, त्या म्हणाल्या. अशा वेळी कधीकधी मनात एक शब्द असतो आणि तोंडात शेजारचा येतो, आत्ताच नाही का चमच्याची वाटी झाली. मग त्या याच्याकडे वळल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी अदब आली. "यांना सगळ्यांत जास्त तुम्ही ओळखता. आता तुम्ही बोला. त्यांना हेच म्हणायचं आहे ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. धाकटा, मावशी, ती तरुण मुलगी. त्याला घसा खाकरावा लागला नाही. झाकणीच्या वेळी निघतो तसा शब्द निघाला, विचाराच्या आधी, ठाम, स्वच्छ.

"नाही," तो म्हणाला. "तिला घरी म्हणायचंय."

धाकट्याने विचारलं, दादा, नक्की? तो म्हणाला की रोज असंच होतं, नको असतं त्याचंच नाव आधी येतं, परवा खिडकी उघड म्हणाली तेव्हा तिला लावून हवी होती. खिडकीचं असं काही झालं नव्हतं. पण कोशात अर्थाखाली द्यायचं नमुन्याचं वाक्य कसं लिहायचं हे त्याला माहीत होतं. साधं, घरातलं, कोणालाही पटेल असं. मावशी काहीतरी बोलायला गेली आणि ताईचा पदर नीट करू लागली. धाकट्याने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. धाकट्याला कळलं, असं त्याला वाटलं. पण कळलं असलं तरी धाकट्याजवळ ताईचे शब्द नव्हते, ते सगळे याच्याजवळ होते.

थेरपिस्टबाई ताईकडे वळल्या. "हो का ताई? घरी राहायचंय?"

ताई त्याच्याकडे बघत होती. त्याने नजर वळवली नाही, वळवायची होती पण जमलं नाही. त्याला वाटलं होतं ती रागावेल, डाव्या हाताने खुर्चीवर मारेल, पुन्हा तो शब्द म्हणेल. आता ती म्हणू शकत होती, वाट नुकतीच पडली होती. आणि ती म्हणाली असती तर तो काहीच करू शकला नसता, हेही त्याला दिसत होतं. तो वाट बघत होता. तिने त्याचा चेहरा पाहिला, एक बटण चुकवून लावलेला शर्ट पाहिला, मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसलेले त्याचे दोन्ही हात पाहिले. तिला सगळं समजत होतं, तिचं समजणं कुठेच गेलेलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं ते हळूहळू मावळलं. राग आला नाही. जे आलं ते त्याच्या इतकं ओळखीचं होतं की त्याला त्याचं नाव शोधावं लागलं नाही. बॅग माळ्यावर चढवताना, स्टुलावरून खाली उतरताना तिचा चेहरा असाच होता.

"हो," ताई म्हणाली. हा शब्द तिला अडला नाही.

मग खुर्च्या सरकल्या. धाकटा बाहेर जाऊन फोनवर सांगू लागला, की जागा नको, दुसऱ्या कोणाला द्या, हो, तिचीच इच्छा. थेरपिस्टबाईंनी ताईचा हात हातात घेऊन आज चांगले शब्द आले असं सांगितलं, आणि याला बजावलं, की घरी नेताय तर आता तोंड बंद ठेवायचं, त्यांना वेळ द्यायचा. त्याने मनापासून मान डोलावली. मावशीने चाकाची खुर्ची दाराकडे वळवली, आणि त्याच्याजवळून जाताना ताईने डावा हात पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवला, दोनदा थोपटल्यासारखं केलं. लहानपणी रात्री तो दचकून उठायचा तेव्हा ती असंच थोपटायची, आणि म्हणायची, मी आहे ना. आता तिला तेवढं म्हणता येत नव्हतं. खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटलं.